वाखाची रेघ

“ह्या अक्षरांचे केस कुणी कापले गं?”

सुंदरीबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक लॅपटॉपला टेकेल इतक्या पुढं झुकल्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यामुळं बघायचं ते सगळं डाव्यानं, पारवा दाणा बघतो तसं मान वाकडी करून. पडद्यावर काळी जाडजूड अक्षरं ओळीनं मांडली होती. वळणं ओळखीची होती. क चा फुगवटा, ग ची मागं रेललेली काठी, सगळं जागच्या जागी. पण प्रत्येक रेघ शेवटाला गुळगुळीत संपत होती, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी.

“केस म्हणजे काय, आज्जी?” प्रांजलनं विचारलं.

“रेघ जिथं संपती तिथं चारपाच बारीक रेघा सुटायच्या. घोड्याच्या शेपटीगत. त्या कुठं गेल्या?”

“त्या होय! त्या मी साफ केल्या. मला वाटलं, पत्रा जुना झालाय म्हणून रंग उडालाय.”

“रंग उडालाय म्हणं,” सुंदरीबाई हसल्या, पण हसू लगेच मावळलं. “बोडकी केलीस गं माझी अक्षरं.”

प्रांजलची मान वर झाली. “तुमची?”

सुंदरीबाईंनी दाराकडं बघितलं. दारात त्यांचा मुलगा भरतेश मोबाईल कानाला लावून उभा होता. त्यानं फोन हळूच खाली घेतला.

प्रांजल मूळची मेढ्याची. पुण्यातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरची अक्षरं तयार करायची. मागल्या दिवाळीत साताऱ्याला, मोती चौकाजवळच्या एका बंद कापडदुकानावर तिनं पत्र्याची पाटी बघितली आणि तिथंच खिळली. कोपऱ्यात बारीक सही होती, ‘अण्णाप्पा, नांद्रे’. त्या सहीचा माग काढत ती सांगलीला भरतेशच्या ‘मगदूम डिजिटल’ दुकानात पोचली. तिथं काउंटरच्या मागं तीच सही चार फूट रुंद फ्लेक्सवर छापून लावलेली, खाली उदबत्तीचं घर.

भरतेश हा अण्णाप्पा पेंटरांचा एकुलता एक मुलगा. फ्लेक्सच्या मशिनांनी पेंटर लोकांना घरी बसवलं, आणि पेंटरांच्या मुलानं फ्लेक्सचंच मशीन घेतलं. त्यात त्याला वावगं वाटलं नव्हतं, आणि सुंदरीबाईंनाही नाही. पोट काय म्हणतं ते ऐकावंच लागतं. पण चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांच्या अक्षराचा अभिमान त्यानं देवासारखा जपला होता. पुण्याचं ऑफिस त्या अक्षराचा फॉन्ट काढणार, नाव ‘अण्णाप्पा’ ठेवणार, हे ऐकून संमतीच्या कागदावर सही करताना त्याचे डोळे भरून आले होते. आठ दिवसांनी, पुढल्या सोमवारी सगळं पक्कं व्हायचं होतं. आज रविवार. पक्कं करायच्या आधी एकदा पेंटरांच्या बायकोला दाखवावं म्हणून प्रांजल नांद्र्याला आली होती.

“आज्जी, एक विचारू?” तिनं लॅपटॉप मिटला. “मी एकोणचाळीस पाट्यांचे फोटो काढलेत, आणि भिंतीवरच्या नऊ जाहिरातींचे. भिंतीवरचं अक्षर आणि पत्र्यावरचं अक्षर एका हाताचं वाटत नाही. आमचे सर म्हणाले, आजोबांची वळणं दोन असतील.”

“वळणं दोन न्हवती, बाई. माणसं दोन हुती.”

“आई रंग भरायची,” भरतेश घाईनं मधे बोलला. “बाबा आउटलाइन काढून द्यायचे, आई भरायची. समद्या गावाला ठावं हाय.”

“व्हय,” सुंदरीबाई म्हणाल्या. “गावाला तेवढंच ठावं हाय.”

लग्न होऊन आल्यावर पहिली नऊ वर्षं त्यांनी खरोखरच रंग भरला होता. अण्णाप्पांनी खडूनं अक्षर काढायचं, कडा करायच्या, आणि मधलं पोट सुंदरीबाईंनी भरायचं. मग एका चातुर्मासात जैन मुनिमहाराज गावात राहिले. बायका एकेक नियम घेत होत्या. कुणी बटाटा सोडला, कुणी रेशीम नेसायचं सोडलं. सुंदरीबाईंच्या मनात भलतंच आलं. बारीक ब्रश खारीच्या केसांचा, जाड ब्रश डुकराच्या. रोज सकाळी उठून आपण हातात धरतो ते कुणाच्या अंगावरचं? त्यांनी उभं राहून नियम घेतला, जनावराच्या केसाचा ब्रश पुन्हा हातात धरणार नाही.

अण्णाप्पांनी कपाळाला हात लावला. “आगं, खारी काय माझ्या आत्या लागत्यात व्हय? आता रंग काय बोटानं भरणार?”

त्या वर्षी धुळा धनगराची मेंढरं त्यांच्या रानात बसायला आली होती. खतासाठी दरसाल यायची, कवठेमहांकाळच्या माळावरनं. धुळा बांधावर बसून घायपाताच्या पानातला दोरा वळत होता. वाख म्हणतात त्याला. दोराचं टोक विस्कटून पांढरं झालेलं सुंदरीबाईंनी बघितलं आणि मूठभर वाख मागून आणला. बांबूच्या कामटीला बांधला, विळ्यानं तिरका कापला, टोक दगडानं ठेचलं. झाला ब्रश.

पण वाख काही खारीच्या केसासारखा गरीब नव्हता. भसकन रंग प्यायचा आणि मधेच कोरडा पडायचा. दुसऱ्याच्या कडेत तो मावेचना. भरायला गेलं की बाहेर जायचा. तो चालायचा फक्त आपल्या मनानं, एका दमात, वरनं खाली. दोन महिने घरात रद्दी रंगवून झाल्यावर सुंदरीबाईंच्या ध्यानात आलं की ह्या ब्रशनं भरता येणार नाही, लिहावंच लागणार. त्यांनी पहिली पाटी लिहिली ती भामाबाईंच्या खानावळीची. रेघ सुटताना रंग संपत आला आणि वाखाचे दोरे एकेक वेगळे झाले. अण्णाप्पा बाजारातनं आले, सायकल न लावताच पाटीसमोर उभे राहिले. सुंदरीबाईंनी ओला फडका उचलला तर म्हणाले, “सुंदरे, थांब. ती शेपटी पुसू नको. भामाबाईच्या फोडणीचा वास यायला लागलाय मला.”

तेव्हापासून भिंती अण्णाप्पांच्या आणि पत्रा सुंदरीबाईंचा. शिडीवर बाई चढलेली लोकांना बघवणार नव्हती. पत्रा घरातच रंगवायचा आणि एसटीच्या टपावरनं धाडायचा, कोण बघतंय? शिराळ्यापर्यंत गेल्या पाट्या, साताऱ्यापर्यंत गेल्या.

सगळं ऐकून भरतेश म्हणाला, “मग बाबांनी कवा सांगितलं का न्हाई?”

“सांगणार हुते. मीच नको म्हटलं. बाईनं लिवलेली पाटी म्हटल्यावर गिऱ्हाईक पायरी चढलं नसतं. आणि तुझं ते बोर्डिंग, पाचवीपासनं. सुट्टीत यायचास, मी पाटीम्होरं बसलेली दिसायची, की चेंडू घिऊन भाईर.”

भरतेशनं बघितलं होतं सगळं. त्याचा अर्थ कधी लावला नव्हता, एवढंच.

“मग आज्जी, फॉन्टचं नाव...” प्रांजल चाचरत म्हणाली.

“नावाचं मागनं बघू. आदी केसांचं बघ. लाव तुज्या सायबांना फोन.”

प्रांजलनं स्पीकर लावला. पुण्याचे सर सभ्य माणूस होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की त्या बारीक रेघा लहान आकारात धुळीसारख्या दिसतात, छपाईत बुजतात. अक्षर पुडीवर चाललं पाहिजे, मेन्यूकार्डावर चाललं पाहिजे, मोबाईलवरही वाचता आलं पाहिजे.

“मोबाईलात बघून वाचायचं अक्षर न्हवं हे,” सुंदरीबाई फोनकडं तोंड करून मोठ्यानं बोलल्या. “रस्त्याच्या पल्याडनं वाचायचं हाय. हळदीच्या पोत्याला वापरा, लग्नाच्या मांडवाला वापरा, खानावळीला, रसवंतीला, कुस्तीच्या मैदानाला वापरा. औषधाच्या बाटलीवर घालू नका. आणि निधनाच्या बोर्डावर तर अजाबात न्हाई. शेपटी उडवत चालणारं अक्षर हाय, त्याला रडायला बसवू नका.”

पलीकडून हसू ऐकू आलं. “आजी, तुमचं पटतंय. पण अर्धी अक्षरं पाट्यांवर सापडलीच नाहीत. ती प्रांजलनं कॉम्प्युटरवर जोडून केलीत. त्यांना हे केस कुठून आणायचे?”

“मी लिवून देते की. समदी.”

“तुम्ही? कधी?”

“सोमवार तुमीच ठरवलाय न्हवं?”

फोन बंद झाल्यावर प्रांजलनं पिशवीतून एक कोरा ब्रश काढला. नायलॉनचा होता, नियमात बसत होता. सुंदरीबाईंनी वर्तमानपत्रावर एक क काढला. हात चौदा वर्षांनी चालत होता, तरी वळण आलं. पण रेघ संपली ती तशीच, साबणाच्या वडीसारखी. त्यांनी ब्रश पुसून परत दिला. “चांगला हाय. पण लय आज्ञाधारक हाय गं.”

मग त्यांनी धुळाचा नंबर शोधायला लावला. तीन ठिकाणी विचारून मिळाला.

“कोण? पेंटरवैनी?” धुळा फोनमधे ओरडला. “आवं, जित्या हाय का तुमी!”

“तुज्याआदी कशी जाईन? घायपात हाय का रं अजून माळाला?”

“हाय की. बिरुबाच्या देवळामागं रग्गड हाय. पर वैनी, माजं गुडघं गेल्यात. कापायला कुणीतरी याया पायजे.”

“मी येते उद्या.”

“आई, तुला एसटीच्या पायऱ्या चढवत न्हाईत,” भरतेश म्हणाला.

“मग बसून चढीन.”

भरतेशनं मोटारसायकलची किल्ली घेतली आणि बाहेर पडला. सुंदरीबाईंना वाटलं, रागानं दुकानाकडं गेला. जाऊ दे. बापाची मूर्ती हातातनं घेतल्यावर पोर रुसणारच, मग ते पन्नाशीला टेकलेलं का असेना. त्यांनी प्रांजलला ठेवून घेतलं आणि पत्र्याच्या डब्यातलं जवसाचं तेल अजून धड आहे का ते हुंगत बसल्या.

दिवस मावळायच्या जरा आधी मोटारसायकल अंगणात आली. मागच्या सीटला दोरीनं घायपाताचा भारा बांधलेला. भरतेशच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते, एका ठिकाणी रक्त सुकलेलं.

“काटा लय हाय ह्याला,” तो एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

पुढचे तीन दिवस घराचा कारखाना झाला. पान फळीवर ठेवायचं, बोथट विळ्यानं खरवडायचं, हिरवा गर निघून जातो आणि खाली पांढरे दोरे राहतात. गरानं हाताला खाज सुटते. प्रांजलनं पहिल्याच तासात दंड लाल करून घेतले.

“मेढ्याची ना तू? डोंगरातली पोर आणि एवढ्याशा खाजंला भ्याली?”

“आमच्याकडं खाजकुयली असते आज्जी, ती निदान सांगून तरी खाजवते.”

वाख धुतला, उन्हात वाळवला, तेलात मुरवला. गुरुवारी सकाळी पाच ब्रश तयार झाले. प्रांजलनं टेबलावर पांढरे कागद मांडले, प्रत्येकावर एक चौकोन. एका चौकोनात एक अक्षर, असा तिचा हिशेब होता.

आणि इथंच घोडं अडलं. ब्रश कागदाजवळ नेला की सुंदरीबाईंचा हात कापायला लागायचा. टेकवला तर डाग पडायचा. दुपारपर्यंत चाळीस कागद वाया गेले. च वाकडा, ज आंधळा, ट चं तर पोटच फुटलं. प्रांजल प्रत्येक कागद जपून ठेवत होती आणि तोंडानं “छान आलंय” म्हणत होती, पण सुंदरीबाईंना एका डोळ्यानं का होईना, दिसत होतं.

“हे न्हवं,” त्यांनी ब्रश तेलात ठेवला. “एकल्या अक्षराला कुठं जायचंय तेच मला कळंना. अक्षर कुणाच्या तरी दुकानाचं असतंय. नुसता च म्हंजे कुणाचा च?”

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना पाट्या आठवायला लागल्या. आठवायला कसल्या, एकामागनं एक दारात येऊन उभ्या राहिल्या. पहाटे त्यांनी भरतेशला उठवलं. “तुज्या दुकानात फ्लेक्सच्या फ्रेमा पडल्यात न्हवं? पत्रं ठोक त्यांना, पांढरा हात मार आणि अंगणात आण. मी खुर्चीत बसून कवा लिवलंय का? उभ्यानं लिवणार.”

शुक्रवारी दुपारी पहिला पत्रा भिंतीला टेकला. सुंदरीबाईंनी पदर खोचला, ब्रश काळ्या ऑइल पेंटमधे बुडवला, डब्याच्या काठावर एकदाच निपटला आणि पत्र्याजवळ गेल्या. हात कापत होता. त्यांनी त्याला थांबायला वेळच दिला नाही. ‘भामाबाईंची खानावळ’. एकेक अक्षर आधी उघडंच लिहिलं, डोक्यावर रेघ न देता. मग सगळी झाल्यावर दम धरून, डावीकडनं उजवीकडं चालत, एका फटक्यात वरची रेघ ओढली. पोरांना ओळीनं निजवून वरनं एकच वाकळ घालावी तशी. रेघेच्या शेवटाला वाख कोरडा पडला, दोरे सुटे झाले, पाच बारीक रेघा हवेत गेल्या.

“केस,” प्रांजल हळूच म्हणाली.

“हालता हात कापत न्हाई,” सुंदरीबाई धापा टाकत म्हणाल्या. “थांबला की कापतोय. दुसरा पत्रा आण.”

‘लालासाहेब सायकल मार्ट’. ‘चंदनबाला बांगडी स्टोअर्स’. ‘यशराज टेलर्स, विटा’. कुणाचं दुकान कुठल्या बोळात होतं, कोण पाटी न्यायला बैलगाडी घेऊन आला होता, कुणी पाटी लागल्या दिवशी पेढे पाठवले होते, सगळं लिहिता लिहिता सांगत होत्या. त्यातली निम्मी दुकानं आता नव्हती. बांगडीवाली चंदनबाला तर त्यांची मैत्रीण, मागल्या साली गेली. तिच्या पाटीपाशी सुंदरीबाई जराशा थबकल्या, हात कापायला लागला, तशा पुढच्या अक्षरावर गेल्या.

“आज्जी, ढ राहिलाय,” शनिवारी प्रांजल यादी बघत म्हणाली.

“तुजं गाव काय?”

‘मेढा’ लिहून झाल्यावर प्रांजल त्या पत्र्याकडं बघत राहिली. मेढ्याची अशी पाटी कुणी कधी लिहिली नव्हती. तिनं फोटो आधी पुण्याला नाही पाठवला, बापाला पाठवला.

रविवारी दुपारपर्यंत सव्वीस पत्रे अंगणात उन्हाला टेकून उभे होते. शेजारपाजारचे येऊन वाचून जात होते, “पेंटरकाकी, बाजार मांडला की दारात!” प्रांजलनं सगळ्यांचे फोटो पाठवले आणि मोबाईल हातात धरून पायरीवर बसली. तासाभरानं सरांचा निरोप आला. तिनं मोठ्यानं वाचला, “केसांना हात लावू नकोस. लहान आकारासाठी वापरू नये असं सोबत लिहू. आणि नाव काय ठेवायचं ते आजींना विचार.”

दोघंही सुंदरीबाईंकडं बघायला लागले. भरतेश जरा जास्तच सरळ उभा राहिला.

“वाख,” त्या म्हणाल्या. “अण्णाप्पा नको, सुंदरी नको. वाख ठेवा. त्यानंच शिकवलं.”

प्रांजलची आवराआवर चालू झाली. पाचची गाडी गाठायची होती. एक पत्रा तेवढा उरला होता. भरतेशनं तो उचलला, फडक्यानं पुसला आणि भिंतीला टेकवायच्या ऐवजी स्वतःच हातात धरून आईसमोर उभा राहिला.

“माज्या दुकानाला पाटी न्हाई,” तो म्हणाला. “फ्लेक्सच हाय नुसता.”

सुंदरीबाईंनी त्याच्याकडं एका डोळ्यानं बघितलं. मग ब्रश बुडवला. ‘मगदूम डिजिटल’. अक्षरं झाली, वरची रेघ झाली, शेपटी सुटली. सवयीनं त्यांनी बारका ब्रश घेतला आणि खाली उजव्या कोपऱ्यात वाकल्या.

“आई, तुजं नाव घाल हां,” भरतेश म्हणाला.

“हां,” म्हणाल्या त्या, पण हात सुटला होता. थांबवला असता तर कापला असता. कोपऱ्यात बारीक अक्षरात उमटलं, ‘अण्णाप्पा, नांद्रे’.

प्रांजलनं ओठ चावला. भरतेश मान तिरकी करून बघत होता. अ ची खाली घसरलेली कमान. णा चा कलता काना. शेवटच्या प्पा ला जरासा झटका. रोज सकाळी दुकान उघडलं की तो हेच बघत होता, चार फूट रुंद. ह्यालाच उदबत्ती लावत होता.

“आई, ही सही...”

“मग? त्यांना सही करायचा लय कंटाळा. भिंतीवर तर कवा केलीच न्हाई. पत्रा झाला की म्हणायचे, सुंदरे, तेवढं माजं नाव घाल.” त्यांनी ब्रश तेलात टाकला. “चुकलंच बघ. सवय. पुसून दुसरं घालू?”

“नको,” भरतेश म्हणाला. “ऱ्हाऊ दे.”

प्रांजल पाया पडून गेली. सुंदरीबाईंनी पाचही ब्रश धुतले, दोऱ्यानं बांधले, खिळ्याला उलटे टांगले. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून भाकरी टाकायला आत गेल्या. तवा तापला, भाकरी फुगली, ताटं वाढून झाली.

“भरतेश, ये रं. दिवस चालला.”

ओ आली नाही, म्हणून त्या दारात आल्या. अंगणातल्या पत्र्यांवर तिरपं ऊन पडलं होतं. भरतेश होता तिथंच उभा होता. शेजारी भिंत मोकळी होती. पाटी तिला टेकवून ठेवता आली असती. पण दोन्ही हातांनी कडा धरून, ओल्या सहीला अंगठा लागू न देता, ओरखड्यांचे हात लांब करून तो ती वाळायची वाट बघत होता.